पाट आधी, मूर्ती नंतर

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपते, मांडव उतरतात आणि पितृपक्ष लागतो. घरोघरी उत्सवाचा शीण उतरत असतो, त्याच दिवसांत रायगड जिल्ह्यातील पेण आणि त्या परिसरातील हमरापूर, जोहे, कळवे या गावांतील मूर्तिकार वर्षाचा हिशेब मांडून बसलेला असतो. आठ-दहा महिने दाटीवाटीने भरलेल्या फळ्या रिकाम्या झालेल्या असतात. एखाद्या कोपऱ्यात न विकल्या गेलेल्या मूर्ती कापडाखाली झाकून ठेवलेल्या असतात. त्या झाकलेल्या मूर्ती किती, यावरच त्या घराचे पुढचे वर्ष कसे जाणार हे ठरते. समाजाच्या दृष्टीने उत्सव संपलेला असतो. मूर्तिकाराच्या दृष्टीने त्याचा निकाल लागलेला असतो.

गणेशमूर्तीचा व्यवसाय हा कलेचा व्यवसाय आहे आणि तो एका तिथीला बांधलेला आहे. भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या सकाळपर्यंत जी मूर्ती अमूल्य असते, तिला त्याच दिवशी सायंकाळी विचारणारा कोणी नसतो. भाजीवाल्याचा माल नासतो तो दिसतो. मूर्तिकाराचा माल नासताना दिसत नाही, एवढाच फरक. शिल्लक मूर्ती पुढील वर्षासाठी ठेवता येते हे खरे. परंतु तिला जागा लागते, पावसाळी दमटपणात रंग उतरतो, आणि तिच्यात अडकलेले भांडवल वर्षभर मोकळे होत नाही.

या व्यवसायाचा खर्च आणि मिळकत यांचे वेळापत्रक पाहिले म्हणजे त्यातील अडचण स्पष्ट होते. शाडूची माती प्रामुख्याने गुजरातमधून आणावी लागते. कारागिरांची मजुरी दिवाळीनंतर सुरू होते. शाडू सावकाश वाळते, म्हणून मातीचे बहुतेक काम मृगाच्या सरी येण्यापूर्वी उरकावे लागते. त्यानंतर रंगकाम आणि अखेरीस डोळ्यांची आखणी. म्हणजे खर्च दहा महिने, आणि मिळकत श्रावण-भाद्रपदातील काही आठवड्यांची. मधला काळ ज्याला स्वतःच्या बळावर काढता येत नाही, तो व्यापाऱ्याकडून उचल घेतो. उचल घेणाऱ्याच्या हाती भाव ठरविण्याचा अधिकार राहत नाही. कित्येक कारखाने तर कच्च्या, न रंगविलेल्या मूर्तीच बाहेरगावी पाठवितात. मूर्तीला रूप देणारे रंगकाम आणि तिला दृष्टी देणारी आखणी दुसरीकडे होते. मोलाचा मोठा वाटाही तिकडेच राहतो.

त्यातच पंचांगाचे गणित आहे. गणेशचतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला आली, तर २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला. एका वर्षी कामाचे अकरा दिवस कमी होतात, तर दुसऱ्या वर्षी अठरा दिवस वाढतात. बँकेचा हप्ता मात्र इंग्रजी महिन्याच्या ठरलेल्या तारखेलाच येतो.

या नैसर्गिक अनिश्चिततेत मानवनिर्मित अनिश्चिततेची भर पडली. २०२० मध्ये महामारीमुळे घरगुती मूर्ती दोन फूट आणि सार्वजनिक मूर्ती चार फूट अशी मर्यादा राज्य शासनाने घातली, तेव्हा मोठ्या मूर्ती आधीच घडविलेल्यांचे हात पोळले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १२ मे २०२० रोजी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली; पण अंमलबजावणी पुढे पुढे ढकलली गेली. ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या तत्त्वांचे कठोर पालन करण्याचे निर्देश दिले. पुढे ९ जून रोजी अशा मूर्ती घडविण्यास मुभा मिळाली, मात्र नैसर्गिक जलस्रोतांत त्यांच्या विसर्जनावर निर्बंध राहिले. आणि २४ जुलैच्या आदेशाने सहा फुटांपर्यंतच्या अशा मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांतच करणे बंधनकारक झाले. जानेवारी अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा हा काळ कारखान्यात मूर्ती घडण्याचा असतो. नेमक्या त्याच चार महिन्यांत काय घडवावे हेच मूर्तिकाराला उमगत नव्हते. जलप्रदूषण रोखलेच पाहिजे याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण हंगामी व्यवसायाला लागू होणारा नियम हंगामाच्या आरंभी, म्हणजे दिवाळीपूर्वी निश्चित झालेला असावा, एवढी अपेक्षा तरी रास्त मानली पाहिजे.

न्यायालय आणि शासन यांचे काम त्यांच्या गतीने होईल. परंतु या सर्व अनिश्चिततेवर एक उपाय समाजाच्या हाती आहे, आणि तो नवा नाही. कोकणात आजही अनेक घरांतून गणपतीचा पाट आधी मूर्तिकाराच्या चित्रशाळेत पोहोचविला जातो. पाटावर घराचे नाव असते. मूर्ती केवढी, कोणत्या आसनातील, पीतांबराचा रंग कोणता, हे बोलणे तेव्हाच होते. त्या घराची मूर्ती त्या पाटासाठी घडते आणि चतुर्थीला त्या पाटावरूनच घरी येते. या प्रथेकडे केवळ श्रद्धेचा भाग म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तिच्यात व्यवसायाचे उत्तम शास्त्र आहे. मागणी आधी आणि निर्मिती नंतर. ज्याच्याकडे शंभर पाट आले, त्याला शंभर मूर्ती निश्चित खपणार हे ठाऊक असते. शिल्लक राहण्याचे भय नाही, उचल घेण्याची लाचारी नाही आणि शेवटच्या दिवशीची घासाघीसही नाही.

विपणन हा शब्द उच्चारताच अनेक कलावंतांच्या कपाळावर आठी उमटते. चांगली कला आपोआप खपते, तिचा डंका पिटण्याची गरज नाही, अशी त्यांची धारणा असते. ही धारणा सन्मान्य असली तरी व्यवहारात घातक ठरते. विपणन म्हणजे आरडाओरड नव्हे. आपला ग्राहक कोण हे ओळखणे, त्याला योग्य वेळी कळविणे आणि त्याने पुढील वर्षी पुन्हा यावे असे वागणे, एवढाच त्याचा अर्थ. गेल्या वर्षी मूर्ती नेणाऱ्या प्रत्येक घराचे नाव, दूरध्वनी क्रमांक, मूर्तीची उंची, आसन आणि रंग टिपून ठेवलेली एक साधी वही ही कोणत्याही जाहिरात फलकापेक्षा मोलाची आहे. ज्येष्ठ महिना लागताच त्या वहीतील प्रत्येक घरी ओल्या मातीतील नव्या मूर्तींची छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून पाठविली, गेल्या वर्षीचा तपशील सांगून यंदा काय हवे ते विचारले, तर निम्मे ग्राहक तेथेच निश्चित होतात. पाट पाठविणे शहरातील घराला शक्य नसेल. निम्मी रक्कम आगाऊ पाठविणे निश्चितच शक्य आहे. तोच आजचा पाट.

दुसरा प्रश्न उरलेल्या महिन्यांचा. येथेही परंपरेनेच वाट घालून दिली आहे. मराठी वर्षाचे सण पाहिले तर मातीच्या कामाला विसावा नाही. आषाढात बेंदराचे आणि श्रावण अमावास्येला पोळ्याचे मातीचे बैल, नागपंचमीचे नाग, चतुर्थीच्या आदल्या दिवशी हरितालिका, मागोमाग गौरींचे मुखवटे, मग नवरात्रातील देवीच्या मूर्ती, दिवाळीत मुलांच्या किल्ल्यावरील शिवराय आणि मावळे, आणि माघात गणेशजयंती. यांतील प्रत्येकाने प्रत्येक वस्तू करावी असे नव्हे. पणती आणि संक्रांतीचे सुगड हे चाकावरचे आणि आव्यातील काम. ते कुंभाराचे क्षेत्र आहे आणि त्याच्याकडेच राहावे. परंतु किल्ल्यावरचे मावळे, गौरींचे मुखवटे, माघी गणपती हे मूर्तिकाराच्याच हाताचे, त्याच्याच साच्यांचे आणि त्याच्याच रंगपेटीचे काम आहे. भाद्रपदातील ग्राहक निरोप घेतानाच त्याला किल्ल्याच्या चित्रांचा संच दाखविला, तर आश्विनाची मिळकत भाद्रपदातच नक्की होते.

याशिवाय दोन वाटा लक्षात घेण्याजोग्या आहेत. परदेशस्थ मराठी कुटुंबांसाठी जाणाऱ्या मूर्ती बहुतांशी जहाजाने जातात. त्या प्रवासाला लागणारे दिवस ध्यानी घेता ती मागणी उन्हाळ्यापूर्वीच पक्की करावी लागते. म्हणजेच सर्वाधिक खर्चाच्या काळात पैसा हाती येतो. दुसरी वाट शिक्षणाची. शाळा आणि निवासी संकुले यांमधून मुलांना स्वहस्ते मूर्ती घडविण्यास शिकविणाऱ्या कार्यशाळांना अलीकडे चांगला प्रतिसाद मिळतो. येथे कारागीर वस्तू विकत नाही, विद्या देतो. तिची शिल्लक राहत नाही आणि ती पावसात भिजतही नाही. शिवाय ज्या मुलाने एकदा शाडूचा गोळा हाताळला, सोंड वळविताना ती तीनदा तुटलेली पाहिली, ते मूल मोठेपणी मूर्तीचे मोल करताना मूर्तिकाराचे कष्ट विसरणार नाही.

व्यवसाय वाढणे म्हणजे मूर्तींची संख्या वाढणे, असा समज मात्र दूर ठेवला पाहिजे. आखणी करणारे कसलेले हात मोजकेच असतात. त्यांच्या शक्तीपलीकडे संख्या वाढविली तर प्रथम डोळ्यांतील भाव जातो आणि मागोमाग ग्राहक जातो. कच्ची मूर्ती विकणाऱ्याने त्यांपैकी काही स्वतः रंगवून विकणे, शिल्लक मूर्ती घटविणे आणि दोन महिन्यांच्या मिळकतीचे सहा महिने करणे, ही खरी वाढ होय. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत मूर्तिकारांचाही समावेश आहे. तीत पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांचे विनातारण कर्ज अठरा महिन्यांच्या परतफेडीने आणि पाच टक्के व्याजाने मिळते; अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांचे साहाय्यही आहे. ही योजना उपयुक्त आहे. परंतु ज्याची मिळकत वर्षातून एकदाच होते, त्याला महिन्याचा हप्ता जड जातो. मागणी वर्षभर विभागली गेली तरच असे कर्ज आधार ठरते. अन्यथा जुन्या उचलीवर नवे ओझे.

येथे समाजाच्या आचरणाचा प्रश्न येतो. गावगाड्यात कुंभाराला बलुते मिळे आणि त्याची घरे बांधलेली असत. त्या व्यवस्थेत कारागिराला जन्माने जखडणारी विषमता होती; ती गेली हे योग्यच झाले. पण तिच्याबरोबर कारागीर आणि घर यांच्यातील वर्षभराचे नातेही गेले, आणि त्याच्या जागी आला तो चतुर्थीच्या आदल्या रात्रीचा बाजार. स्वदेशीवर तासभर बोलणारा गृहस्थ त्या रात्री मांडवात उभा राहून मूर्तिकाराची अडचण ओळखतो आणि भाव पाडून मागतो. घरी परतल्यावर तो स्वस्तात मिळाल्याचे कौतुकाने सांगतो. त्या स्वस्ताईची किंमत पेणमधील कोणत्या घराने मोजली, याचा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. कारागिराची मुले पिढीजात कला सोडून अन्य नोकरीच्या वाटेला लागतात, तेव्हा परंपरा लोप पावत असल्याची खंत व्यक्त करणाऱ्यांत हाच गृहस्थ पुढे असतो.

शाडूची मूर्ती महाग पडते, हा आक्षेप खरा आहे. ती जड असते, सावकाश घडते आणि प्रवासात दुखावते. तिचे मोल अधिक असणारच. परंतु त्याचे उत्तर मूर्तीच्या उंचीत आहे. घरगुती गणपतीने देव्हाऱ्याशी स्पर्धा करावी, मंडळाशी नव्हे. वीतभर मूर्तीत भक्ती कमी मावते असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही. शिवाय लहान मूर्ती घरच्या बादलीतही विसर्जित करता येते. उरलेली शाडू गोळा करून मूर्तिकारांकडे परत पाठविण्याचे उपक्रम पुण्यात काही वर्षांपासून चालू आहेत. मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये मूर्तिकारांना शाडूची माती विनामूल्य पुरविली. प्लास्टरवर पोट असलेला कारागीरही याच समाजाचा घटक आहे. त्याला दूषणे देण्यापेक्षा शाडूकडे वळण्यास पुरेसा अवधी आणि खात्रीची मागणी देणे अधिक हिताचे.

यासाठी मोठ्या आंदोलनाची गरज नाही. एका वस्तीतील पंचवीस कुटुंबांनी ज्येष्ठात एकत्र बसावे, एक मूर्तिकार निवडावा, प्रत्येकाने मूर्तीचा आकार लिहून द्यावा आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. एका कार्यकर्त्याने यादी सांभाळावी आणि चतुर्थीपूर्वी एकाच वाहनातून मूर्ती आणाव्यात. वाहतूक स्वस्त पडेल, मध्यस्थाचा वाटा वाचेल, आणि मूर्तिकाराच्या पंचवीस मूर्ती फळीवर चढण्यापूर्वीच विकल्या गेलेल्या असतील. अशा दहा वस्त्या मिळाल्या तर एका कारखान्याची उचल सुटते. सार्वजनिक गणेशोत्सवाला महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. त्या महोत्सवाच्या मुळाशी असलेल्या हातांना वर्षभर काम देणे हे मात्र शासनाच्या घोषणेने होणारे कार्य नव्हे. ते घराघरांतील निर्णयाने होणारे आहे.

पाट आधी पोहोचला पाहिजे. तो वेळेवर पोहोचला, तर विसर्जनानंतरच्या त्या हिशेबाच्या दिवशी मूर्तिकाराच्या कोपऱ्यातील कापड घडी घालून ठेवलेले असेल, आणि त्याखाली झाकण्यासारखे काही उरलेले नसेल.