वर्षाचं तिखट आणि वाचवलेले तीस रुपये

होळी झाली की आमच्या गल्लीत गच्चीगच्चीवर जुन्या सुती साड्या अंथरल्या जातात आणि खालून जाणाऱ्यालाही शिंका येतात. वर्षाच्या तिखटाचे दिवस! माझं माहेर मराठी, सासर गोकाककडचं कन्नड. आईच्या शेवया सासरी शावगी झाल्या, सांडग्यांची संडगी झाली, पापडांचं हप्पळ. कष्ट तेच, खर्च वाचवायची रीत मात्र वेगळी. आई एकटी बाजारात जाऊन तास तास घासाघीस करायची. आमच्या अत्ती चार घरं मिळून एक पोतं आणायच्या. मी आता अत्तींचीच रीत पाळते. आवक जोरात असते तेव्हा, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्येच, घाऊक माल घ्यायचा आणि वाटून घ्यायचा.

मैत्रिणींनो, नुसत्या ब्याडगीचं तिखट करण्यात पैसे घालवू नका. ब्याडगीला रंग आहे, पण झणका बेताचाच. तिला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि रंगाचा अर्क काढणारे कारखानेही तीच उचलतात. तेव्हा रंगापुरती ब्याडगी आणि झणक्याला गुंटूर घ्यावी. आपली संकेश्वरी हल्ली जिभेआधी खिशालाच झोंबते. परवडली तर वासापुरती मूठभर. घेताना मिरची हातात दाबून बघा. कुरकुरत मोडली तर वाळलेली, नुसतीच वाकली तर मिरचीच्या भावानं पाणी विकत घेताय असं समजा. घरी आणून दोन-तीन कडक उन्हं द्या, देठं खुडा आणि मगच डंकावर न्या. बरणीत हिंगाचे खडे घालायला विसरू नका, नाहीतर पावसाळ्यात जाळी धरते आणि सगळी बचत उकिरड्यावर जाते.

भाव पडले की आपल्याला बरं वाटतं. मलाही वाटायचं. पण मार्च 2024 मध्ये ब्याडगीच्या बाजारात दर कोसळले, शेतकऱ्यांचा संताप उसळला, बाजार समितीच्या आवारात गाड्या जळाल्या. तेव्हापासून 'मिरची उतरली' हे वाचताना पूर्वीइतका आनंद होत नाही. त्याला माझी स्वतःची एक जुनी गोष्टही कारण आहे.

2009 चा उन्हाळा. मी नुकतीच कॉलेजात लागले होते, अर्थशास्त्र शिकवत होते, त्यामुळे घरचा हिशेबही आपल्यालाच कळतो अशी समजूत. पापड लाटायला जवळच्या खेड्यातून एक अक्का यायची. तिचा दर किलोवर. सहा किलो उडदाचं पीठ होतं. मी किलोमागे पाच रुपये कमी केले. अत्ती दारातून म्हणाल्या, "कूली कडिमी माडब्याड." मी ऐकलं नाही. अक्का काही बोलली नाही, संध्याकाळपर्यंत लाटत राहिली. तीस रुपये वाचले. वहीत लाल शाईनं 'बचत' असं लिहिलंसुद्धा.

पुढच्या वर्षी ती आली नाही. निरोप धाडला, तर दुसरीकडे काम आहे म्हणाली. मग आम्हीच बसलो. पीठ कुटायला मिस्टर, लाटायला मी आणि जाऊ. पापड कडेला पातळ, मध्ये जाड. तळले की मध्ये कच्चे. दोन किलो पीठ वाया गेलं, आणि उरलेलं वर्ष विकतचे पापड आणले. घरात बारसं निघालं, गणपती झाले, नागपंचमीला नणंदा आल्या, दर वेळी दुकान. अत्ती एका शब्दानं बोलल्या नाहीत. फक्त त्या लाल शाईच्या पानावर हळदीचं बोट उमटलेलं दिसलं. मुद्दाम की चुकून, ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी मीच तिच्या घरी गेले. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं दर सांगितला, पूर्वीच्यापेक्षा चढाच. मी हो म्हटलं, जुने तीस रुपयेही पुढे केले. तिनं ते घेतले, मोजले, कनवटीला लावले.

ठरल्या दिवशी सकाळी ती आली. पिठाचा गोळा बोटानं दाबून पाहिला आणि म्हणाली, "बाई, पापडखार कमी पडलाय."