ओसरीपुरती मैत्री

भारतीय साहित्यातील सांस्कृतिक समन्वयाचा विषय निघाला, की रवींद्रनाथ ठाकुरांच्या 'काबुलीवाला'चे नाव हटकून घेतले जाते. १८९२ साली लिहिली गेलेली ही बंगाली कथा आज कोणत्याही भारतीय भाषेला परकी राहिलेली नाही. सुकामेवा विकणारा अफगाण रहमत आणि कलकत्त्यातील मध्यमवर्गीय घरातील पाच वर्षांची मिनी यांच्या स्नेहापुढे देश, धर्म आणि भाषा यांच्या भिंती विरघळतात, असा तिचा अर्थ वर्गावर्गांतून सांगितला जातो. हा अर्थ खोटा नाही, सोयीचा आहे. रहमतची मैत्री चालते ती दारापाशी. घरात तिच्याविषयी पहिल्यापासून धास्ती आहे. मिनीच्या आईला हा धिप्पाड परका माणूस मूल पळवून नेईल असे वाटत राहते. शिक्षा भोगून तो परततो तो नेमका मिनीच्या लग्नाच्या दिवशी, आणि त्याचे येणे शुभकार्यातला अडथळा ठरते. आपल्या मुलीच्या हाताचा ठसा उमटलेला कागद त्याने काढून दाखवला, तेव्हाच मिनीचे वडील विरघळतात. अंतःपुरातील आक्षेप न जुमानता ते नववधूला बाहेर बोलावतात. रोषणाई आणि बँड यांच्या खर्चाला कात्री लावून रहमतला गावी परतण्यासाठी पैसे देतात.

हा औदार्याचा क्षण आहे, यात शंका नाही. परंतु हे औदार्य पाहुण्याला परत पाठवण्याचे आहे. दोन बाप एकमेकांना ओळखतात आणि आपापल्या मुलीकडे वळतात. रवींद्रनाथांना ही मर्यादा पुरती ठाऊक होती, म्हणून तर अंतःपुराचा रुसवा त्यांनी कथेत राहू दिला. ती दिसत नाही, ती त्यांच्या गौरवकारांना. परक्या संस्कृतीशी मैत्री ओसरीवर करावी, माजघरात आणू नये, हा आपल्या सुसंस्कृत समाजाचा अलिखित नियम त्यांनी समन्वयाचा आदर्श म्हणून गौरविला.

मैत्री आणि आप्तपणा यांतील हे अंतर डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच नेमके दाखवले होते. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि प्रत्यक्षात कधीच न झालेल्या त्या भाषणात त्यांनी सहभोजनाचा उपाय अपुरा ठरवला. आपण एकमेकांचे आहोत ही भावना रक्ताच्या नात्याखेरीज निर्माण होत नाही, म्हणून आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, असा त्यांचा रोख होता. त्यांनी जातीविषयी मांडलेला हा विचार धर्म आणि भाषा यांनाही तितकाच लागू पडतो. एका पंक्तीला बसणे सोपे असते, कारण पंगत उठते.

राज्यसंस्थेनेही हा उंबरठा ओलांडणे सोपे ठेवलेले नाही. १८७२ च्या कायद्याने नागरी विवाह करू पाहणाऱ्यांना प्रचलित धर्मांपैकी कोणताही आपण मानत नाही असे जाहीर करावे लागे. प्रेमाची किंमत म्हणून नास्तिकता! १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ही अट काढली, पण दुसरी ठेवली. नियोजित विवाहाची नोटीस कचेरीत ठळक जागी लावावी आणि हरकतींसाठी ३० दिवस वाट पाहावी. जे विवाह सजातीय आप्तेष्टांच्या साक्षीने होतात, त्यांना अशी वाट पाहावी लागत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ही प्रसिद्धी वर-वधूंनी लेखी मागितली तरच करावी असा निर्णय दिला. कायद्यातील शब्द मात्र होते तेच आहेत. त्याहून बोलके आहे कलम १९. अविभक्त कुटुंबातील हिंदू, बौद्ध, शीख वा जैन व्यक्तीने या कायद्याखाली विवाह केला, की ती त्या कुटुंबापासून विभक्त झाली असे धरले जाते. १९७६ ची दुरुस्ती उभयता या चार धर्मांतले असतील तेव्हा हे कलम लागू करीत नाही. मुसलमान, ख्रिस्ती वा पारशी जोडीदार निवडला, तर घर तुटलेच, असे कायदाच गृहीत धरतो.

या भूमिकेविरुद्ध एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा असा आहे. नात्याने संस्कृती जुळत नाहीत, दुबळी संस्कृती प्रबळ संस्कृतीत गडप होते. मैत्री निदान दोघांनाही आपापल्या जागी ठेवते, असे म्हटले जाते. परप्रांतातून आलेल्या सुनेची भाषा एका पिढीत घरातून नाहीशी होते, हे कोण नाकारील? परंतु हा दोष नात्याचा नव्हे, सुनेलाच नमवणाऱ्या घराचा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि गुओ छिंगलान यांनी १९४२ मध्ये आपल्या मुलाचे नाव यिनहुआ ठेवले, भारत आणि चीन या दोन्ही देशांच्या चिनी नावांतील एकेक अक्षर घेऊन. सभांमधून हुतात्मा कोटणीसांचा गौरव भरपूर होतो. पती कोटणीस मात्र तळटीपेत राहतात.

ठाकुरांनी स्वतः पुढची पायरी 'गोरा'त ओलांडली. १९१० मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या या कादंबरीतील आनंदमयी १८५७ च्या धामधुमीत पोरक्या झालेल्या आयरिश मुलाला पदराखाली घेते आणि त्याच दिवशी सोवळेओवळे सोडून देते. मैत्रीचे तत्त्वज्ञान तिच्यापाशी नाही; तिच्यापाशी मूल आहे. ते मूल मोठे होऊन कट्टर हिंदू बनते आणि ख्रिस्ती दासी लछमिया घरात वावरते म्हणून आईच्या खोलीत जेवायचे नाकारते. जन्माचे रहस्य कळल्यावर, शेवटच्या पानावर, गोरा आईकडे परततो आणि लछमियाला हाक मारून तिच्याकडून पाणी आणवायला सांगतो.