विश्लेषण : पाच रुपयांच्या कंडेन्सरसाठी नागपूर गाठायचे का?

तिरोडा तालुक्यातील बोदलकसा पर्यटकांना माहीत आहे ते तलावामुळे. विजेच्या खेळखंडोब्यात तिथल्या एखाद्या घरातला टीव्ही बंद पडला, तर बिघाड अनेकदा किरकोळ असतो. पॉवर सप्लायमधला एक कंडेन्सर डोक्यावर फुगलेला दिसतो. किंमत पाच-दहा रुपये. तो बदलणे अवघड नाही, मिळणे अवघड आहे.

पंख्याचा मिळतो, मग हा का नाही?

पंख्याचा 2.5 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर इलेक्ट्रिकच्या साध्या दुकानातही मिळतो. पंखे घरोघरी आहेत आणि माप ठरलेले आहे. बोर्डावरच्या भागांचे तसे नाही. 1000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्ट हे एक माप झाले, अशी शेकडो आहेत. रेझिस्टर, डायोड, आयसी वेगळेच. भाग रुपया-दोन रुपयांचा, पण सगळी मापे ठेवायची तर दुकानदाराचे भांडवल डब्यांत अडकते. रेडिओ आणि जाड पाठीच्या टीव्हीच्या काळात रोजचे गिऱ्हाईक होते, तेव्हा ते परवडायचे. आता मेकॅनिक अख्खा बोर्डच बदलतात. दुकानदारांनी डबे काढून मोबाइलची कव्हरे टांगली, तर दोष त्यांना कसा देणार?

उरला बाजार मोठ्या शहरांचा: मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाचा परिसर आणि विदर्भासाठी नागपूरची सीताबर्डी. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर. गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी धरली, तर कंडेन्सर सोन्याच्या भावाचा होतो.

ऑनलाइन मागवता येत नाही का?

येतो. पण कुरिअरचा खर्च भागापेक्षा जास्त, म्हणून एकाऐवजी पन्नासचे पाकीट घ्यावे लागते. शिवाय दुकानाबरोबर काउंटरवरचा सल्लाही गेला. ‘16 व्होल्टचा जळाला? तेवढ्याच मायक्रोफॅरडचा 25 व्होल्टचा लाव, उलटे करू नको’ किंवा ‘4001 डायोड नाही, 4007 घेऊन जा, चालेल’, हे सांगणारा माणूस अर्धा मेकॅनिकच होता. यूट्यूबवर व्हिडिओ ढीगभर आहेत, पण जळालेला भाग हातात घेऊन कोणी बघत नाही.

सरकार काय करते?

केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. ते कंपनीच्या सेवा केंद्राची वाट दाखवते, सुटा कंडेन्सर देत नाही. शाळांमधील अटल टिंकरिंग लॅबना 20 लाखांपर्यंत अनुदान मिळते, 2025 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत अशा 50 हजार लॅबची घोषणाही झाली. हा पैसा केवळ चकचकीत रोबोटिक्स किटवर गेला, तर एक भाग जळताच किट कपाटात जाईल. त्यापेक्षा दरवर्षी थोडी रक्कम सुट्या भागांसाठी राखावी.

तालुक्याच्या आयटीआयमध्येही असा भागांचा एक कप्पा ठेवता येईल. बाहेरच्या मेकॅनिकला तिथे मूळ भावात भाग मिळावा. भंगारही कामाचे आहे. बंद सीएफएलच्या सर्किटमध्ये 4007 डायोड, ट्रान्झिस्टर आणि 400 व्होल्टचा कंडेन्सर सापडतो. काच फुटू द्यायची नाही, आत पारा असतो. आणि कंडेन्सरमधला साठा उतरवल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही. हे दोन्ही आयटीआयच्या निदेशकांनी मुलांकडून करून घेतले, तर पहिला कप्पा जवळपास फुकटात भरेल.