बोकड आणाल तेव्हा

जत्रा तोंडावर आली की घरात बोकडाचा विषय निघतो. ईद जवळ आली तरी तेच. बोकड कापावा की नाही, हे तुमच्या घरानं ठरवायचं. देवापुढे मुकं जनावर मारू नका, असं गाडगेबाबा जन्मभर सांगत फिरले. ज्यांना पटलं, ते पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. तुम्हाला जमलं तर उत्तमच. पण ज्यांच्याकडे बोकड पडणारच आहे, त्यांच्याशी मला बोलायचंय.

हलाल बरं की झटका, यावर माणसं तासन्‌तास भांडतात. जनावराचे निम्मे हाल मात्र सुरी लागण्याआधीच होऊन जातात. पाय बांधून मोटारसायकलवर आडवं टाकलेलं, दिवसभर उन्हात, घोटभर पाणी नाही. मग रांगेत उभं, आणि डोळ्यांसमोर दुसऱ्याचं रक्त.

म्हणून बोकड दोन दिवस आधी आणा. टेम्पोत कोंबू नका, उभं राहायला जागा द्या. सावलीत बांधा, पाणी शेवटपर्यंत समोर असू द्या. पोरांना लळा लागेल. लागू द्या.

काही ठिकाणी बोकडाच्या अंगावर पाणी शिंपडतात. त्यानं अंग झाडलं की देवानं मान्य केलं, असं समजतात. नाही झाडलं तर बादल्या ओतू नका. देवाला घाई नसते.

सुरी जाणत्याच्या हातात द्या. गावोगावी देवाचा बोकडही मुलाणीच कापतो, ते उगाच नाही. हौशी पोरांना लांब ठेवा. धार आधीच लावा, जनावरासमोर नको. इस्लामची शिकवणही हीच आहे. एकाच्या देखत दुसरं कापू नका. जीव पुरता जाईपर्यंत कातड्याला हात लावू नका.

गाभण शेळी किंवा तीन महिन्यांच्या आतलं करडू कापायला कत्तलखान्यांबाबतच्या 2001 च्या नियमांनी मनाई आहे. शहरात असाल तर परवानगीच्या जागीच जा. धर्माच्या रीतीनं जनावर मारणं प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्यानं गुन्हा ठरत नाही. त्याला झोडपणं, कोंबून नेणं मात्र गुन्हाच आहे.

आणि पंगतीचंही बघा. दमलेल्या, भेदरलेल्या जनावराचं मटण काळपट, कोरडं होतं, लवकर खराबही होतं.

यंदा बाजाराला निघण्याआधी अंगणात पाण्याची बादली भरून ठेवा.