गोरोबाकाकांची गोष्ट कितवीच्या मुलाला सांगायची?

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं नाव निघालं की संत गोरोबाकाका कुंभार आठवतात, आणि गोरोबाकाका म्हटलं की चिखल. त्यांची बायको संती पाण्याला गेलेली. रांगतं मूल नवऱ्याच्या भरवशावर. गोरोबा विठ्ठलनामात दंग होऊन माती तुडवताहेत, मूल रांगत येतं आणि पायांखाली जातं. महिपतींच्या ‘भक्तविजया’नं (1762) ही कथा घरोघर पोचवली आणि कीर्तनात ती आजही ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावते. रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात बालसंस्काराचे वर्ग भरतात, तिथंही ती सांगितली जाते. सतरंजीवर पहिलीपासून सहावीपर्यंतची मुलं मांडीला मांडी लावून बसलेली असतात. गोष्ट संपली की ठरलेला प्रश्न येतो: यातून आपण काय शिकलो?

उत्तरही ठरलेलंच असतं, भक्ती अशी असावी. कीर्तनाला बसलेला मोठा माणूस ही कथा ऐकताना गोरोबांच्या जागी जातो. संसार आणि देव यांची ओढाताण त्यानं भोगलेली असते, म्हणून त्याला ते बेभान होणं कळतं. पहिलीतलं पोर गोरोबांच्या जागी कसं जाईल? ते जातं चिखलातल्या बाळाच्या जागी. बाप असूनही त्याला दिसलो नाही, एवढं त्याला पक्कं समजतं.

हा पेच एकट्या वारकऱ्यांचा नाही. श्रियाळ-चांगुणेनं अतिथीसाठी चिलया बाळाला उखळात घातलं, ही कथा आपल्याकडे आयाबायांनी गात गात जपली आहे. चर्चच्या शाब्बाथ शाळेत अब्राहाम इसहाकाला वेदीवर ठेवतो. बकरी ईद जवळ आली की मुसलमान घरांतली मुलं हजरत इब्राहीम आणि त्यांच्या मुलाची हकिकत ऐकतात. देवापुढे पोटचं पोरही दुय्यम, असं सांगणारी कथा या प्रत्येक धर्माजवळ आहे, आणि प्रत्येक ठिकाणी ती ऐकायला समोर पोरंच बसलेली आहेत.

रविवारच्या शाळेची ही कल्पना मुळात निघाली ती कष्टकरी पोरांसाठी. इंग्लंडातल्या ग्लॉस्टर गावी 1780 मध्ये रॉबर्ट रेक्सनं ती चालवायला घेतली, कारण सहा दिवस राबणाऱ्या मुलांना अक्षरओळखीला रविवारच तेवढा मोकळा होता. अमेरिकन मराठी मिशननं एकोणिसाव्या शतकात अहमदनगर-सोलापूरकडे हीच रीत आणली.

आपल्या घटनेच्या 28 व्या अनुच्छेदामुळे सरकारी पैशानं पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. ते योग्यच आहे. त्यामुळे हे काम देवळात, चर्चमध्ये, मशिदीत, स्वामी समर्थ केंद्रात होतं. ते करणारी माणसं बिनपगारी: निवृत्त गुरुजी, एखादी सून, कॉलेजातली मुलगी, आणि पुष्कळदा नोकरीची वाट बघणारे डी.एड. झालेले तरुण. गंमत अशी की या तरुणांना मुलाच्या वाढीचं शास्त्र तोंडपाठ असतं. टीईटी या शिक्षक पात्रता परीक्षेच्या पहिल्या पेपरात बालमानसशास्त्राला 150 पैकी 30 गुण आहेत. मानसशास्त्रज्ञ पियाजेनं सांगितलेल्या वाढीच्या अवस्था वयांसकट घोकलेल्या असतात. रविवारी सतरंजीवर बसताना मात्र तो पियाजे गाइडातच राहतो.

त्याला तिथून बाहेर काढलं तर काय दिसतं? जाँ पियाजेनं 1932 च्या आपल्या पुस्तकात मुलांना दोन छोट्या हकिकती सांगितल्या. एका मुलानं दार ढकललं आणि दारामागे ठेवलेले पंधरा कप चुकून फुटले. दुसऱ्यानं चोरून जॅम काढताना एकच कप फोडला. जास्त वाईट कोण? लहान मुलं पंधरा कपवाल्याकडे बोट दाखवतात, मोठी मुलं जॅमचोराकडे. सहा-सात वर्षांपर्यंत नुकसान किती झालं हे हेतूपेक्षा जड भरतं, असं त्यानं मांडलं. आता गोरोबांकडे या. ‘त्यांना भानच नव्हतं’ हे वाक्य मोठ्यांच्या दृष्टीनं सगळ्या कथेचा आधार आहे. पहिलीतल्या मुलाच्या हिशेबात त्या वाक्याला जेमतेम वजन आहे.

त्याच पुस्तकात आणखी एक निरीक्षण आहे, आणि रविवारच्या वर्गाला ते जास्त लागू पडतं. सफरचंदं चोरून पळणाऱ्या मुलाच्या पायाखाली पूल मोडला. चोरी केली नसती तरी मोडला असता का? लहानग्यांपैकी बहुतेकांनी नाही म्हटलं. पूल मोडला तो चोरीमुळेच. जगच शिक्षा करतं, हा त्या वयाचा स्वाभाविक समज आहे. त्यावर आपण ‘खोटं बोललास तर देव बघून घेईल’ अशी भर घातली तर तो समज घट्ट होतो, आणि मग घरात काही वाईट घडलं की पोर गुपचूप आपला गुन्हा शोधत बसतं. उमरगा-लोहाऱ्याकडच्या ज्यांनी 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट लहानपणी पाहिली, ते आज चाळिशीत आहेत. भूकंप कुणाच्या पापामुळे झाला, याच्या तेव्हाच्या कुजबुजी त्यांच्याही कानांवर गेल्या असतील. आजच्या सतरंजीवर कर्जापायी बाप गमावलेलं एखादं पोर असू शकतं. हा जिल्हा तसा आहे, हे शिकवणाऱ्यानं क्षणभरही विसरू नये.

आणि मरणाचं काय? मारिया नाज हिनं हंगेरीतल्या मुलांशी बोलून 1948 मध्ये लिहिलं की पाचाच्या आतली मुलं मरणाला परतीचा प्रवास समजतात. ते कायमचं आहे हे पुढं हळूहळू उमगतं. कथेच्या शेवटी पंढरपुरात नामदेवांचं कीर्तन चालू असताना गोरोबांचे, मधल्या काळात त्यांनी स्वतःच तोडलेले, थोटे हात पुन्हा फुटतात आणि बाळ रांगत येतं. पाच वर्षांच्या मुलाला यात चमत्कार वाटत नाही, गेलेलं बाळ आलं, एवढंच. आठ वर्षांच्या मुलाला तो प्रचंड वाटतो, आणि तेच विचारतं: मग माझा दादा का आला नाही? या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर देणारा मास्तर मी तरी त्या गादीवर बसू देणार नाही.

तर मग ही गोष्ट मुलांना सांगूच नये का? असं म्हणणारे झाले आहेत. ब्रिटनमध्ये रोनाल्ड गोल्डमननं 1964 मध्ये पियाजेचाच धागा धरून दाखवलं की बायबलचा बराच भाग लहान मुलं भलत्याच अर्थानं घेतात. तेव्हा तो पुढं ढकलावा. त्याच्यावर टीकाही झाली, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. गाळत गेलं तर हाती काय उरतं? गोड गोड, बिनहाडाचा देव. मुलाला भय असतंच. त्या भयाला गोष्टीत रूप मिळालं, शेवट सुखरूप झाला, तर ते पेलता येतं, असं ब्रुनो बेटेलहाइमनं 1976 मध्ये परीकथांबद्दल मांडलं. आपल्या आज्यांना ते कुणी सांगावं लागलं नव्हतं. शिवाय पियाजेनं मुलांना जरा कमीच लेखलं. मार्गारेट डोनाल्डसननं 1978 मध्ये दाखवलं की प्रश्न मुलाच्या ओळखीच्या जगातून विचारला तर ते वयापेक्षा बरंच पुढचं बोलतं. हेतूचंही तसंच, तो गोष्टीत ठसठशीत दिसला तर लहानगीही तो मोजतात.

वारकरी माणूस याहून सरळ बोलेल. कीर्तनाला वयाची अट कुठं असते? पोरं आईच्या मांडीवर ऐकतात, अर्धी झोपतात, वर्षं जातात, कळायचं तेव्हा कळतं. हा युक्तिवाद मला सगळ्यांत भक्कम वाटतो. पण त्यातच वर्गाचा दोषही सापडतो. कीर्तनात त्या पोराला कुणी उठवून तात्पर्य विचारत नाही, आणि भीती वाटली तर आईचा पदर हाताशी असतो. वर्गात पदर नसतो, बोट दाखवून विचारलेला प्रश्न असतो. गोष्ट तीच राहते, पण ऐकवण्याची जागा बदलते.

पाठांतराबाबत मी जुन्या पक्षाचा आहे. हरिपाठ, मनाचे श्लोक, प्रभूची प्रार्थना, कुराणातल्या सूरा हे सहा-सात वर्षांच्या जिभेला नादामुळे रुचतं, आणि तेव्हाचं बसलेलं जन्मभर टिकतं. अर्थ मागून आला तरी बिघडत नाही. बिघडतं ते पाठांतराच्या स्पर्धा लावून अडखळणाऱ्याला सगळ्यांदेखत खाली बसवल्यानं. गोरोबांच्याच दुसऱ्या कथेत हे आहे. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून ते थापटणं घेऊन एकेका संताच्या डोक्यावर वाजवत जातात. बाकीचे गप्प राहतात, नामदेव चिडतात, आणि ‘हे मडकं कच्चं’ असा निकाल लागतो. मग नामदेव विसोबा खेचरांकडे जातात. बालसंस्कारवाले मुलांना सर्रास कच्चं मडकं म्हणतात. पण काकांनी थापटणं लावलं होतं मोठ्यांच्या डोक्याला, लेकरांच्या नव्हे.

लहानांना आधी हीच गोष्ट सांगावी, असं माझं मत आहे. डोक्यावर टपली, नामदेवांचा रुसवा, सगळ्यांदेखत झालेला अपमान, हे पहिली-दुसरीच्या मुलाला क्षणात पटतं, कारण त्याचा दिवस अशाच गोष्टींनी भरलेला असतो. तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या बाहुल्या आहेत. त्या एकदा दाखवाव्यात, आणि परत आल्यावर हातात ओली माती द्यावी. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षण उभारलं ते गावात मिळणाऱ्या वस्तूंवरच. माती मळायला किती जोर लागतो, किती वेळ जातो, हे हातांना कळलं की पुढं तुडवणाऱ्याची तंद्रीही कळायला सोपी जाते.

चिखलातल्या बाळाची गोष्ट चौथी-पाचवीपर्यंत थांबू शकते. मुलानं ती आधीच कीर्तनात ऐकली असेल तर लपवू नये. त्याला काय वाटलं ते ऐकून घ्यावं आणि तात्पर्य आपल्यापाशीच ठेवावं. ती सांगताना संतीला अर्ध्या वाक्यात उरकू नये. ती परत येते, लाल झालेला चिखल बघते, आक्रोश करते, नवऱ्याला बोल लावते. दहा वर्षांच्या मुलीच्या मनातला प्रश्न कथेत तीच विचारते, आणि परंपरेनं तिला गप्प केलेलं नाही. इसहाकाची कथा सांगणाऱ्या शाब्बाथ शाळेच्या बाईंनी आणि ईदची हकिकत सांगणाऱ्या मौलवींनीही घरी राहिलेल्या आईला बोलू द्यावं.

अडचण उघड आहे: शिकवणारा एक, मुलं पंचवीस, वयं सहा ते बारा. दोन गट करायला दुसरा माणूस नसतो. पण सहावीतल्या दोन मुली लहानांना घेऊन ओसरीवर मातीशी बसू शकतात, आणि तेवढ्या अर्ध्या तासात मोठ्यांशी चिखलाबद्दल बोलता येतं. पैसा लागत नाही. वर्षाला एखादी दुपार जिल्ह्यातल्या देवळांच्या, चर्चच्या, मशिदींच्या शिकवणाऱ्यांनी एकत्र बसून आपापल्या अवघड गोष्टी समोर मांडल्या तर फारच बरं. चैत्रात तेरच्या यात्रेला माणसं जमतातच. आणि टीईटीसाठी पियाजे घोकलेल्या डी.एड.वाल्यांनो, त्या बैठकीत पहिल्यांदा बोलायचा मान तुमचा आहे.