गोव्याची खोली आणि सोनपेठचा कापूस



डिसेंबरात आपल्याकडे वेचणी जोरात असते, तेव्हाच गोव्यात पाहुण्यांचा हंगाम भरात येतो. नाताळच्या आठवड्यात कळंगुटला खोलीचे भाडे कुठल्या कुठे जाते. जुन्या माणसांना ज्वारीची लेव्ही आठवत असेल. खोल्यांवर तशी लेव्ही कोणी बसवली नाही, की परदेशी पाहुण्याला वेशीवर अडवले नाही. उलट दाबोळीचा विमानतळ असताना डिसेंबर २०२२ मध्ये मोपाला दुसऱ्याचे उद्घाटन झाले. हॉटेलवाला, टॅक्सीवाला, मासळीवाली, काजूची फेणी काढणारा, कितीतरी चुली पाहुण्यावर पेटतात. आम्हाला त्याचा हेवा नाही. गिऱ्हाईक स्वतःच्या खर्चाने दारात येते आणि भाव हंगाम ठरवतो. धंदा असाच असावा.

पाहुणा परकीय चलन आणतो, तसा आमचा कापूसही आणतो. पण मार्च २०१२ मध्ये केंद्राने कापसाची निर्यात बंद केली. ऑगस्ट २०२५ मध्ये, वेचणीच्या तोंडावर, आयातीवरचे ११ टक्के शुल्क उठवले आणि ही सूट पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. खोलीला मोकळा असलेला बाजार आमच्या गाठीला का नाही?

आता तर गोव्याची वाट आमच्या बांधावरून जायची आहे. देवस्थाने जोडत जाणाऱ्या नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत परभणी जिल्हा आला. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याच्या भूसंपादनासाठी २०,७८७ कोटींच्या तरतुदीला मान्यता दिली. मोजणीला शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी विरोध केला.

आमचे वैर रस्त्याशी नाही, पर्यटनाशीही नाही. कळंगुटचा मालक आपली खोली आपल्या भावाने देतो. आमच्या काळ्या रानाचा भाव मात्र दुसरा ठरवणार! शिवाय खोली दुसऱ्या दिवशी मालकाला परत मिळते. गेलेले रान परत मिळत नाही. २०२० च्या टाळेबंदीत किनारे ओस पडले, तेव्हा गोव्याला बेळगावच्या भाजीची वाट पाहावी लागली. पाहुणा येईल, न येईल. पोट रानावरच भरते.

जिल्हा बैठकीला येताना सातबारा आणि कापसाची पट्टी सोबत आणा. मोजणीदाराला एकेकट्याने उत्तर देऊ नका. ठराव दोनच मांडायचे आहेत : संमतीशिवाय जमीन नाही, आणि कापसाला गोव्याच्या खोलीइतकीच मोकळीक.