बिऱ्हाड हलवताना

बदल्यांच्या नोकरीत बिऱ्हाडं बरीच हलवली. पण गेल्या महिन्यात संगणकातलं बिऱ्हाड हलवलं आणि पंचाहत्तरीत नवा धडा मिळाला.

माझ्याकडे लिनक्स आहे. त्यात आपलं सगळं सामान 'होम' नावाच्या जागेत असतं. हार्ड डिस्क भरत आली म्हणून नवी, मोठी आणली. नातू म्हणाला, "आजोबा, सगळं कॉपी करा आणि जुनी फॉरमॅट करून टाका."

होममध्ये जाऊन कॉपीची आज्ञा दिली, 'सगळं' म्हणून तारांकन घातलं. फोटो आले, लेख आले. मग टपालासाठी थंडरबर्ड उघडला, तर कोरा करकरीत! ही मुलीकडे परदेशी गेली असताना तिने मला लिहिलेली पत्रं त्यातच होती. सर्व्हरवर प्रत नव्हती. ही जाऊन आता चार वर्षं झाली. हातपाय गार पडले.

कारण साधं निघालं. लिनक्समध्ये ज्या नावाच्या आधी टिंब असतं, ते लपलेलं असतं. तारांकनाच्या 'सगळं'मध्ये ते येत नाही. माझं टपाल नेमकं टिंबवाल्या फोल्डरमध्ये! जुनी डिस्क पुसली नव्हती, म्हणून वाचलो.

दुसऱ्यांदा आरसिंक वापरलं. त्याच्या 'ए' पर्यायाने लपलेल्या फायलींसकट अख्खं होम आलं, मालकी आणि परवानग्याही जशाच्या तशा राहिल्या. कॉपी चालू असताना माझ्या नावाने लॉगिन केलं नाही, नाहीतर फायली मध्येच बदलतात. मग एफएसटॅबमध्ये नव्या डिस्कचा यूयूआयडी लिहिला. एसडीए, एसडीबी ही नावं बदलू शकतात, यूयूआयडी तसा बदलत नाही.

तर माझं मत असं, की घर हलवण्यात धोका नाही, जुनं घर रिकामं करण्याच्या घाईत आहे. कॉपी पूर्ण झाली हे यंत्र सांगतं. काय राहिलं ते आपणच उघडून बघायचं. जे गेलं तर रडू येईल, ते आधी बघायचं. सगळं इंटरनेटवर ठेवा म्हणणाऱ्यांनाही तपासण्याचं काम चुकत नाही.

जुनी डिस्क मी कपाटात ठेवली आहे. नातू हसतो. हसू दे.

पत्रं पुन्हा वाचली. एकात तिने विचारलंय, "गॅसचा नंबर लावलात का?"